लष्करी रेडिओच्या जाळ्यावर आयपी संवाद भरवशाचा कसा करायचा

आयपी जाळ्यावर डेटा पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत जातो, आणि ती सगळी पोचली का हे बघायचं काम टीसीपी या प्रोटोकॉलचं, म्हणजे नियमसंचाचं. हवेत विरलेलं पॅकेट आणि गर्दीमुळे राउटरने टाकून दिलेलं पॅकेट, टीसीपीला दोन्ही सारखीच दिसतात. पोच आली नाही एवढंच त्याला कळतं, आणि पोच नाही म्हणजे गर्दी असं समजून तो वेग आवरता घेतो. ही सवय त्याला मुद्दाम लावलेली आहे. १९८६ साली अमेरिकेत बर्कलीत जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटवर घसरला, तेव्हा तिथले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर जो उपाय मांडला त्याचीच सुधारित रूपं आजही फोनांमध्ये चालतात. तारेच्या जाळ्यात तो योग्यच आहे. डोंगराआड गेलेल्या गाडीतून किंवा हेलकावणाऱ्या जहाजावरून बोलणाऱ्या रेडिओवर मात्र तोच मुळावर येतो.

म्हणून सगळी रीत दोन कामांत बसते. पॅकेटांची गळती ज्या टप्प्यावर, म्हणजे दोन शेजारी यंत्रांमधल्या ज्या दुव्यावर होते त्याच टप्प्यावर ती भरून काढायची, आणि संदेश खरोखर मिळाल्याची पोच पलीकडच्या अ‍ॅपकडूनच घ्यायची. मधल्या कुठल्याही यंत्राची पोच अंतिम धरायची नाही.

इंटरनेट आणि लष्करी रेडिओ हे नातं जुनंच आहे. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळ धावणाऱ्या एका व्हॅनमधल्या पॅकेट रेडिओवरून निघालेला डेटा उपग्रहावाटे अटलांटिक ओलांडून इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटमध्ये परतला. टीसीपीची ती पहिली तीन जाळ्यांची चाचणी होती. गोव्यात पणजीला सैन्याच्या दळणवळण दलाचं, म्हणजे सिग्नल कोअरचं २ सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे, वास्कोत गोवा शिपयार्ड आहे, दाबोळीला नौदलाचा तळ आहे. वेर्णा किंवा फर्मागुढीत बसून अशा जाळ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं तर खरा रेडिओ हाती येत नाही आणि यायचं कारणही नाही. त्याचा स्वभाव मात्र टेबलावर उभा करता येतो. सुरुवात तिथूनच करावी.

टेबलावरचा रेडिओ

लिनक्स चालणारी तीन यंत्रं घ्या. रास्पबेरी पाय ४ चालतात, जुने लॅपटॉपही चालतात. दोन टोकांना दोन आणि मधोमध तिसरं, दोन इथरनेट पोर्टचं. एक पोर्ट कमी पडला तर यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर लावा. मधलं यंत्र राउटर म्हणून चालेल, आणि त्यावर लिनक्सच्या टीसी या साधनातली नेटएम रांग बसवायची. उशीर, गळती, वेगमर्यादा हे सगळं नेटएम घडवतं.

इथे चार ठिकाणी हमखास चूक होते आणि मग निकाल खोटे येतात.

पहिली चूक म्हणजे नेटएम पाठवणाऱ्या यंत्रावरच लावणं. तिथे पॅकेट टाकलं की त्याची खबर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वरच्या थराला लगेच देतं, आणि टीसीपी गळती झालीच नाही अशा थाटात पुन्हा पाठवतो. गळती मधल्या यंत्रावरच घडवा.

दुसरी चूक: नेटएम बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवरच काम करतं. त्यामुळे ते दोन्ही पोर्टवर लावावं लागतं. एकीकडेच लावलं तर पोच मात्र कायम सुखरूप परतते, आणि खऱ्या रेडिओवर तसं कधीच होत नाही.

तिसरी चूक नेटवर्क कार्डाच्या सोयींची. टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ चालू असतील तर कार्ड बरीच पॅकेटं बांधून ६४ किलोबाइटपर्यंतचा एकच मोठा गठ्ठा करतं, आणि नेटएम तो अख्खा गठ्ठा एक पॅकेट समजून टाकून देतं. तिन्ही यंत्रांवर ईथटूल या साधनाने या तिन्ही सोयी बंद करा.

चौथी चूक रांगेच्या लांबीची. नेटएम मुळात १,००० पॅकेटं धरून ठेवतं. ६४ किलोबिटच्या लिंकवर १,५०० बाइटची १,००० पॅकेटं सरायला १८७ सेकंद लागतात, म्हणजे तीन मिनिटांचा उशीर तुम्हीच तयार केलात. मर्यादा १० ते २० पॅकेटांवर आणा.

आता लिंकचे स्वभाव ठरवा. सुरुवातीला हे चार पुरे: अरुंद पट्ट्याच्या व्हीएचएफ रेडिओसाठी ६४ किलोबिट आणि एकेरी १५० मिलिसेकंद उशीर, रुंद पट्ट्याच्या मेशसाठी (एकमेकांमार्फत पॅकेटं पुढे देणाऱ्या रेडिओंच्या जाळ्यासाठी) १ मेगाबिट आणि दर टप्प्याला ४० मिलिसेकंद, भूस्थिर उपग्रहासाठी ५१२ किलोबिट आणि एकेरी २७० मिलिसेकंद, दूरवर पोचणाऱ्या पण सावकाश एचएफ रेडिओसाठी २,४०० बिट आणि एकेरी ५ सेकंद. उशिरातली डळमळ आधी शून्य ठेवा. नेटएममध्ये ती वाढवली की पॅकेटांचा क्रम उलटसुलट होतो, आणि मग दोष गळतीचा की क्रमाचा हे समजत नाही.

गळती विखुरलेली ठेवू नका. रेडिओवर पॅकेटं एकएक करून जात नाहीत, ओळीने जातात. नेटएममध्ये त्यासाठी गिल्बर्ट-एलियट पद्धत आहे, ती लिंकच्या चांगली आणि वाईट अशा दोन स्थिती धरते. चांगल्या स्थितीतून वाईटात जाण्याची शक्यता १ टक्का आणि वाईटातून परतण्याची २० टक्के द्या. सरासरी गळती ४.८ टक्क्यांच्या आसपास येते, पण एकेका तडाख्यात सरासरी पाच पॅकेटं सलग जातात. शिवाय दर काही मिनिटांनी ५ ते ४० सेकंद लिंक पूर्ण बंद करणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या दुखण्यांचं निदान तिच्यातूनच होतं.

मोजणी

वेग मोजणारं आयपर्फ ३ हे साधन यूडीपीवर, म्हणजे पोच न मागणाऱ्या प्रोटोकॉलवर चालवा, टीसीपीवर नको. टीसीपीने मोजलं तर लिंक कळत नाही, टीसीपीची भीती कळते. ती भीती किती असते त्याचा साधा हिशेब आहे: एका पॅकेटातला डेटा भागिले जाऊन-येऊन लागणारा वेळ, गुणिले १.२२, भागिले गळतीचं वर्गमूळ. १,४६० बाइट आणि २०० मिलिसेकंद धरले तर १ टक्का गळतीला ७०० किलोबिटच्या आसपास वेग मिळतो, ५ टक्क्यांना ३२० किलोबिट. लिंक २ मेगाबिटची असो की २० ची, जुना टीसीपी याच्या वर जात नाही. मोठा रेडिओ विकत घेऊनही वेग का वाढत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा याच ओळीत असतं.

नोंदवताना सरासरी गळतीपेक्षा दोन आकडे महत्त्वाचे: सलग किती पॅकेटं गेली त्याचा सर्वांत मोठा आकडा, आणि लिंक सलग किती सेकंद मुकी राहिली. पुढचे सगळे निर्णय यांवरच ठरतात.

पॅकेट किती मोठं

दर १,००,००० बिटांत एक बिट चुकत असेल तर १,५०० बाइटची ११ टक्के पॅकेटं वाया जातात, ५०० बाइटची ४ टक्के. दर १०,००० ला एक चुकला तर मोठ्यांपैकी ७० टक्के जातात आणि २५० बाइटच्यांपैकी १८ टक्के. म्हणून खराब लिंकवर तुकडे लहान हवेत. मात्र आयपीच्या नव्या आवृत्तीला, आयपीव्ही६ला, १,२८० बाइटच्या खालचा एमटीयू (पॅकेटाची कमाल लांबी) चालत नाही, तेव्हा त्याहून लहान तुकडे रेडिओने आपल्याच थरात करावेत आणि आपल्याच थरात जोडावेत. आयपीच्या थरात तुकडे पाडलेत तर एक तुकडा हरवताच अख्खं पॅकेट फुकट जातं.

बोगद्याचा, म्हणजे एक पॅकेट कुलूपबंद करून दुसऱ्यात घालून नेण्याचा, हिशेबही इथेच करून टाका. रेडिओचा एमटीयू १,४०० असेल आणि वर वायरगार्ड हा बोगदा असेल तर आयपीव्ही४वर ६० बाइट त्यात जातात. आत उरले १,३४०. त्यातून आयपी आणि टीसीपीच्या शीर्षकांचे ४० वजा केले की एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातला टीसीपीचा कमाल डेटा, १,३००. हा आकडा राउटरवर जबरदस्तीने लावा. पॅकेट मोठं असल्याचा आयसीएमपी निरोप परत येईल या भरवशावर राहू नका, मजकूर कुलूपबंद करणारी कूटयंत्रं आणि फायरवॉल तो बहुधा गिळतात. याची खूण ओळखून ठेवा: पिंग जातो, लॉगिन होतं, दोन ओळींचा मजकूर पोचतो, आणि नकाशा किंवा फोटो पाठवला की सगळं गोठतं. असं दिसलं तर रेडिओच्या मागे लागू नका, आधी एमटीयू तपासा.

चाळीस सेकंदांचा खंड

पॅकेटं दाखवणारं वायरशार्क लावा, एक फाइल पाठवायला घ्या, आणि लिंक ४० सेकंद तोडून जोडा. पडद्यावर जे दिसतं ते नीट बघण्यासारखं आहे. समजा टीसीपीने पुन्हा पाठवण्याची मुदत ०.६ सेकंद धरली आहे. प्रत्येक अपयशानंतर तो मुदत दुप्पट करतो. खंड पडल्यावर त्याचे प्रयत्न ०.६, १.८, ४.२, ९, १८.६ आणि ३७.८ व्या सेकंदाला होतात. सहाही वाया जातात. ४० व्या सेकंदाला लिंक पुन्हा उभी राहते, रेडिओवरचा हिरवा दिवा लागतो, दुसऱ्या खिडकीतला पिंग चालू झालेला दिसतो, आणि फाइल मात्र जागची हलत नाही. टीसीपीचा पुढचा प्रयत्न ७६.२ व्या सेकंदाला आहे. छत्तीस सेकंद चांगली लिंक रिकामी पडून राहते. लिनक्समध्ये ही मुदत वाढत वाढत १२० सेकंदांपर्यंत जाते. डोंगराच्या वळणावर गाडी मिनिटभरच नजरेत येत असेल तर ते अख्खं मिनिट असंच जातं.

उपाय तीन आहेत, तिन्ही एकदम करा. लिंक उभी राहिल्याची खबर रेडिओकडून अ‍ॅपपर्यंत पोचवा. डीएलईपी हा प्रोटोकॉल नेमका याच कामाचा आहे, रेडिओ राउटरला वेग आणि दर्जा सांगत राहतो. खबर मिळताच अ‍ॅपने जुनं कनेक्शन टाकून नवं उघडावं आणि राहिलेल्या जागेपासून पुढे चालू करावं. आणि टीसीपी यूजर टाइमआउट २० ते ३० सेकंदांवर आणा, नाहीतर मेलेलं कनेक्शन लिनक्स पंधरा मिनिटांहून जास्त कवटाळून बसतं. नव्या कर्नलांत मुदतीची कमाल मर्यादा खाली आणायचीही सोय आहे, ती मिळाली तर १० सेकंदांवर ठेवा.

गर्दीच्या नियमासाठी, म्हणजे टीसीपीने वेग कधी आवरायचा हे ठरवायला, बीबीआर निवडा. गूगलने २०१६ मध्ये आणलेला हा नियम निव्वळ गळतीवरून घाबरत नाही, वेग आणि उशीर मोजून चालतो. अरुंद लिंकवर आणखी एक गोष्ट करा: सुरुवातीची खिडकी, म्हणजे पहिल्या पोचेआधी एकदम सोडायची पॅकेटं, दहावरून दोनवर आणा. दहा पॅकेटं म्हणजे ६४ किलोबिटवर जवळजवळ दोन सेकंदांची रांग, आणि तिच्यामागे आवाज अडकतो.

एचएफवर टीसीपी चालवायचाच नाही. तिथे बिटं विखरून पाठवणारा इंटरलीव्हरच ४.८ सेकंदांचा असू शकतो, म्हणजे हाक मारून उत्तर यायला दहा सेकंद. टीसीपी पहिल्या हाकेनंतर सेकंदभर थांबून पुन्हा ओरडू लागतो, आणि उत्तर वाटेत असतानाच स्वतःच्या आवाजाने वाट भरून टाकतो. त्यासाठी नाटोच्या स्टॅनॅग ५०६६ या मानकासारखी वेगळी व्यवस्था असते. आपलं अ‍ॅप तिच्याशी जुळवून घेईल असं लिहावं.

भरपाई कुठे करायची

पाच टप्प्यांची वाट आणि दर टप्प्याला १० टक्के गळती असेल तर शेवटी ५९ टक्केच पॅकेटं पोचतात. टोकापासून पुन्हा पाठवायचं म्हटलं तर चार टप्पे पार केलेलं पॅकेटही पहिल्यापासून चालू लागतं. तेच प्रत्येक टप्प्यावर आणखी तीन प्रयत्न दिले तर पाच टप्प्यांत मिळून गळती ०.०५ टक्क्यांवर येते. म्हणून रेडिओच्या थरातली पोच चालू ठेवा, प्रयत्न मात्र तीन ते पाचच द्या. वीस दिले की गळती शून्य दिसते, पण उशीर सेकंदांत जातो आणि आवाजाचं मातेरं होतं.

एकाच वेळी अनेकांना पाठवायचं असेल, उदाहरणार्थ एकच नकाशा बारा गाड्यांना, तर पोचेऐवजी तक्रार घ्या. ज्याच्याकडे तुकडा कमी आहे त्यानेच तेवढं सांगावं. नॉर्म हा प्रोटोकॉल असाच चालतो, अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने तो तयार केला आणि त्याचं सॉफ्टवेअर खुलं आहे. त्यात जादा तुकड्यांची सोय वापरा: २० मूळ तुकड्यांमागे ५ जादा. गळती १० टक्के आणि विखुरलेली असेल तर शंभरातले ९६-९७ गठ्ठे तक्रारीविनाच पुरे होतात. सलग तडाखे मोठे असतील तर मोजणीत मिळालेला सर्वांत मोठा तडाखा पाहा. तो पाचाच्या वर असेल तर गठ्ठा मोठा करा किंवा तुकडे एकमेकांत मिसळून पाठवा.

रेडिओ शांतता पाळणाऱ्या जहाजाचं उदाहरण लष्करी जाळ्याचं खास आहे. ते ऐकू शकतं, उत्तर देऊ शकत नाही. एसीपी १४२ या लष्करी संदेशांच्या मानकात यासाठी सरळ तरतूद आहे: संदेश ठराविक वेळा प्रसारित करायचा, आणि शांतता संपल्यावर त्या जहाजाने पोच द्यायची. तुमचं अ‍ॅप पोच नाही म्हणून दर दहा सेकंदांनी तोच संदेश पुन्हा टाकत असेल, तर इथे ते सगळ्यांची वाट अडवतं.

टीसीपीला मधेच दोन तुकड्यांत तोडणारा पेप नावाचा मध्यस्थ उपग्रहाच्या लिंकवर फार उपयोगी पडतो, पण लष्करी जाळ्यात त्याची जागा चुकते. कूटयंत्राच्या अलीकडे, जिथे मजकूर उघडा असतो, ती लाल बाजू. पलीकडे, जिथे सगळं कुलूपबंद, ती काळी. काळ्या बाजूला टीसीपीचं शीर्षकच दिसत नाही, तेव्हा तिथे पेप आंधळा आहे. शीर्षकं दाबून लहान करणारी रोहक पद्धतही आतल्या शीर्षकांसाठी तिथे निरुपयोगी. दोन्ही लाल बाजूलाच बसवा. आणि पेप असेल तर टीसीपीने दिलेली पोच खोटी असू शकते: पाठवणाऱ्याला ती मध्यस्थानेच दिलेली असते, पलीकडे काहीच पोचलेलं नसतं.

आवाज

आवाज दाबून लहान करणारा मेल्पी कोडेक २,४०० बिटांवर चालतो, म्हणजे दर २२.५ मिलिसेकंदाला ५४ बिटांची एक फ्रेम. त्या ५४ बिटांवर आयपी, यूडीपी आणि आवाज वाहणाऱ्या आरटीपीची मिळून ४० बाइट, म्हणजे ३२० बिटांची शीर्षकं चढतात. मालापेक्षा हमाली सहापट. नुसती शीर्षकंच सेकंदाला १४.२ किलोबिट खातात. चार फ्रेम एका पॅकेटात बांधा: ९० मिलिसेकंद आवाज गोळा करावा लागतो, पण शीर्षकांचा बोजा ३.६ किलोबिटवर येतो. रोहक लावला तर ४० बाइटचे एक ते तीन होतात, मग एकत्र बांधायची गरजच उरत नाही. खुला पर्याय हवा असेल तर कोडेक २ आहे, तो ३,२०० ते ७०० बिटांपर्यंत उतरतो. आवाजाचं पॅकेट पुन्हा पाठवू नका. उशिरा आलेला शब्द पुढच्या शब्दावर आदळतो.

रांग आणि वाट

रांग सांभाळायला एफक्यू-कोडेल किंवा केक लावा, पण एफक्यू-कोडेल मूळ आकड्यांवर सोडू नका. कोडेलचं लक्ष्य ५ मिलिसेकंद असतं. २५६ किलोबिटवर १,५०० बाइटचं एकच पॅकेट बाहेर पडायला ४७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे कोडेलला रांग कायम भरलेलीच वाटते आणि ते विनाकारण पॅकेटं टाकत सुटतं. लक्ष्य एका पॅकेटाच्या वेळेपेक्षा थोडं वर ठेवा. वेगमर्यादा रेडिओच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग तुमच्या राउटरमध्ये बनते. रेडिओच्या पोटातल्या रांगेवर तुमचा ताबा नसतो.

प्राधान्याच्या खुणा लावताना वाय-फाय रेडिओवर एक सापळा आहे. आवाजासाठी सगळे डीएससीपी ही खूण ४६ लावतात. पण जुन्या कर्नलांत लिनक्सचं वाय-फाय त्यातले वरचे तीनच बिट बघतं आणि आवाज व्हिडिओच्या रांगेत टाकतं. तिथे आवाजाच्या रांगेत घालायचा तर ४८ तरी लागतो किंवा कुठली खूण कुठल्या रांगेत हे ठरवणारा तक्ता हाताने बदलावा लागतो. ४८ मध्ये राउटिंगचे निरोपही जातात, तेव्हा शक्य असेल तिथे तक्ताच बदला.

मेशमधल्या वाटांचा मोठा घोळ असा: शेजाऱ्याला दिलेली हॅलोची हाक प्रसारणाने जाते, सर्वांत सावकाश वेगाने, म्हणून ती दूरवर पोचते. डेटा वेगात जातो, तो तेवढा दूर पोचत नाही. राउटरला शेजारी ठणठणीत दिसतो आणि डेटा मात्र मरतो. टप्पे मोजून वाट ठरवणारी पद्धत अशाच लांब, कच्च्या दुव्याच्या प्रेमात पडते. ईटीएक्ससारखं, किती प्रयत्नांत पॅकेट पोचतं ते मोजणारं माप वापरा आणि प्रसारणाचा किमान वेग वाढवा. ओएलएसआर या वाटा ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या मूळ आकड्यांनुसार हॅलो दर २ सेकंदांनी जातो आणि शेजारी गेल्याचं ६ सेकंदांनी ठरतं. हॅलो अर्ध्या सेकंदावर आणायचा मोह होतो. रुंद पट्ट्यावर ठीक आहे, ६४ किलोबिटवर मात्र जाळं फक्त हॅलो म्हणत बसतं.

संदेशाची पोच

इथे घाई करू नका, भरवसा शेवटी इथेच ठरतो. प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक, तयार झाल्याची वेळ आणि बाद होण्याची वेळ द्या. पाठवण्याआधी तो डिस्कवर लिहा. पलीकडच्या अ‍ॅपने तो डिस्कवर लिहिल्यानंतरच पोच पाठवावी, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर संदेश टाकून द्यावा पण पोच मात्र पुन्हा द्यावी. ही शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. पहिली पोच वाटेत हरवली असेल तर पाठवणारा बिचारा कायम पाठवत राहतो.

सगळ्या मालाला एकच वागणूक देऊ नका. आदेश पोचलाच पाहिजे, उशिरा का होईना. ठिकाणाची नोंद ताजीच हवी, नवी आली की रांगेतली जुनी फेकून द्या. खंडानंतर चाळीस शिळ्या नोंदी धाडण्यात अर्थ नाही. फोटो जागा उरली तर. पडद्यावर "पाठवला", "पोचला" आणि "वाचला" या तीन वेगळ्या खुणा ठेवा आणि पोच आल्याशिवाय दुसरी खूण लावू नका.

कनेक्शन कुलूपबंद करणाऱ्या टीएलएसचा खर्चही मोजा. ४ किलोबाइटची प्रमाणपत्रांची माळ २,४०० बिटांवर १३ सेकंद घेते. आधीच वाटून ठेवलेली किल्ली आणि टीएलएस १.३ वापरा. घड्याळ विसरू नका: रास्पबेरी पाय ४ मध्ये वीज गेल्यावर चालणारं घड्याळ नसतं, आणि तारीख चुकली की प्रमाणपत्रं नाकारली जातात. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ लावा किंवा जीपीएस जोडा. नावं शोधायला बाहेरच्या डीएनएसवर अवलंबून राहू नका, आणि सिस्टिमचे आपोआप होणारे अपडेट बंद करा. चुकून जोडलेला एक फोन आपले फोटो वर चढवू लागला की अरुंद लिंक संपलीच.

मांडवीवर

टेबलावर जमलं की खऱ्या हवेत या. परवान्याशिवाय वापरायला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे ठरलेले पट्टे आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहेत, शक्तीची मर्यादा पाळून. हौशी रेडिओला परवाना लागतो आणि तिथे कूट भाषा चालत नाही. लष्कराच्या, नौदलाच्या किंवा विमानतळाच्या वारंवारितेवर चुकूनही प्रक्षेपण करू नका.

मांडवी नदीपलीकडे दोन किलोमीटरचा ५.८ गिगाहर्ट्झचा दुवा टाकायचा तर मधोमध फ्रेनेल पट्ट्याची, म्हणजे लहरींना लागणाऱ्या मोकळ्या जागेची, त्रिज्या ५ मीटर येते. तिचा ६० टक्के भाग, म्हणजे ३ मीटर, माडांच्या शेंड्यांपासून आणि पाण्यापासून मोकळा हवा. पाणी आरशासारखं परावर्तन करतं, आणि मांडवीची पातळी भरती-ओहोटीने सुमारे २ मीटर हलते. सकाळी उत्तम चाललेली लिंक दुपारी पडते आणि संध्याकाळी आपोआप सुधारते, त्याचं कारण रेडिओत नसून पाण्यात असतं. म्हणून निदान २५ तास सलग नोंद घ्या, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, आणि ती नोंद भरतीच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचा. पडझड पाण्याच्या पातळीबरोबर येत असेल तर अँटेना मीटर-दोन मीटर वरखाली करा, किंवा एकाच खांबावर वेगळ्या उंचीच्या दोन लावा.

पावसाने ५.८ गिगाहर्ट्झचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ओल्या झाडांनी आणि कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याने. खारी हवा पितळेला हिरवं करते आणि केबलची जाळी काळी पाडते. कनेक्टरवर आधी साधी टेप, मग स्वतःला चिकटणारी रबरी टेप, वर पुन्हा साधी टेप लावा. वेढे खालून वर घ्या, म्हणजे कौलं शाकारतात तसा वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी बाहेर निथळतं. केबल पेटीत शिरण्याआधी खाली झोळ द्या. हे काम मेमध्येच उरका. ८ वॅटचा रेडिओ आणि ५ वॅटचा रास्पबेरी पाय १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीची अर्धी शक्ती वापरून तीन तास चालतात. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने पडलेला अंधार आठवत असेल तर तीन तास किती कमी ते सांगायला नको.

५ गिगाहर्ट्झच्या मधल्या चॅनलांवर रडारची चाहूल लागली की रेडिओ चॅनल सोडतो आणि नव्या चॅनलवर बोलण्याआधी किमान मिनिटभर ऐकत बसतो. मुरगाव बंदराजवळ मिनिटाचा गूढ खंड दिसला तर नोंदवहीत आधी हे शोधा.

शेवटची चाचणी फेरीबोटीची. रायबंदर आणि चोडणच्या धक्क्यांवर एकेक यंत्र ठेवा, त्यांच्यात थेट लिंक देऊ नका, आणि तिसरा रास्पबेरी पाय पॉवर बँकेसह फेरीबोटीवर चढवा. नदी परिवहन खात्याची परवानगी आधी काढा. तिन्हींवर डीटीएनचं (तुटक्या लिंकवर माल साठवून मग पुढे धाडणाऱ्या जाळ्याचं) बंडल प्रोटोकॉल ७ चालवा, नासाचं आयन किंवा डीटीएन७ ही दोन्ही सॉफ्टवेअरं चालतात. त्यातला एकेक गठ्ठा म्हणजे बंडल. बोट धक्क्याला तीन मिनिटं लागली आणि वाय-फायवर १ मेगाबिट मिळाला तर २२ मेगाबाइट चढतात, म्हणून गठ्ठे ५०० किलोबाइटच्या वर नेऊ नका, नाहीतर बोट सुटताना अर्धा गठ्ठा धक्क्यावरच राहतो. बंडलांची मुदत सहा तास द्या. घड्याळ खात्रीचं नसेल तर तयार झाल्याची वेळ शून्य ठेवून बंडलाचं वय नोंदवणारा ब्लॉक लावा, नाहीतर बंडल पलीकडे पोचण्याआधीच शिळं ठरून पुसलं जातं. रायबंदरच्या पडद्यावर "पोचला" ही खूण बोट चोडणला जाऊन परत आल्यावरच उमटली पाहिजे. बोट नदीच्या मध्यावर असतानाच ती उमटली, तर तुमची पोच पलीकडच्या अ‍ॅपकडून येत नाही, मधलं कुणीतरी देतंय. ते शोधून काढा.